प्रेक्षकांवांचून नृत्य

नृत्याला अर्थाची अपेक्षा नसते. तें शोभा उत्पन्न करतें व मंगल मानलें जातें, म्हणून योजावें, असें समाधान भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायांत केलें आहे. प्रेक्षक कसा असावा हेंही ते पुढें सांगतात. पात्राच्या आनंदानें जो आनंदतो व शोकानें शोकाकुल होतो, तोच खरा प्रेक्षक. पण प्रेक्षकच नसेल तर? हा प्रश्न २०२० सालीं जगांतील सर्व नर्तकांपुढें उभा राहिला, आणि त्याचें एक उत्तर आम्हांस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मिळालें.

सेनेगाल देशांत, डाकारच्या दक्षिणेस, समुद्रकाठीं तुबाब दियालाव नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. जर्मेन अकोन्यी या विदुषीनें तेथें ‘एकोल दे साब्ल’, म्हणजे वाळूची शाळा, उभारली. (आम्ही पडलों शाळामास्तर, नांव ऐकतांच आवडलें. आमच्या वडिलांचीं पहिलीं अक्षरें धूळपाटीवरच उमटलीं होतीं.) २०२० च्या आरंभीं आफ्रिकेंतील १४ देशांचे ३८ नर्तक-नर्तकी या शाळेंत जमले होते. पीना बाउश या जर्मन नृत्यरचनाकर्तीनें १९७५ सालीं बसविलेला ‘वसंतविधि’ त्यांना शिकावयाचा होता. याचें संगीत स्त्राविन्स्कीचें. १९१३ सालीं पॅरिसला त्याच्या पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षागृहांत मोठा गोंधळ माजला होता.

कथा भयंकर आहे. भूमि फलावी म्हणून एक टोळी आपल्यांतलीच एक कुमारी निवडते, आणि ती नाचत नाचत प्राण सोडते. बाउशबाईंनीं रंगभूमीवर काळी माती पसरली. तांबडें वस्त्र एकीच्या हातून दुसरीच्या हातीं जातें. जिच्या हातीं येतें ती थरथरते, बाकीच्या अंग चोरतात; अखेर तें एकीच्या अंगावर चढतें. देव, पुरोहित, वेदी यांतलें कांहीं दिसत नाहीं. दिसतें तें इतकेंच, कीं समुदाय आपल्या कल्याणासाठीं एकीला वेगळें काढतो.

मार्चअखेर डाकारला प्रयोग व्हावयाचा. तोंच साथ आली, सभा-समारंभ बंद झाले, आणि १४ देशांच्या मंडळींना परतणें प्राप्त झालें. पांगण्यापूर्वीं तीं सारीं समुद्रकाठीं गेलीं, आणि सांजवेळीं उघड्या वाळूवर त्यांनीं तें संपूर्ण नृत्य केलें. काळी माती नव्हती, दीप नव्हते, तिकिटें काढून बसलेले रसिक नव्हते. तें चित्रित झालें म्हणूनच जुलै महिन्यांत आम्हांला तें घरबसल्या पाहतां आलें.

त्या वर्षीं नृत्याचे दुसरेही नमुने नातीनें दाखविले. नर्तक आपापल्या खोलींत नाचत, व तीं चित्रें खुराड्यांप्रमाणें एका पडद्यावर मांडलेलीं असत. कौशल्य होतें, पण जीव रमला नाहीं. वाळूवर अडतीस जणांचा श्वास एक होता. पावलें एकदम पडत, घाम एकमेकांस लागे. आणि ज्या दिवसांत शेजाऱ्याच्या श्वासाचें भय वाटे, त्याच दिवसांत आम्ही हें पाहत होतों!

घरीं तेव्हां वहिनी माडीवरच्या खोलींत एकट्या होत्या. पन्नास वर्षें ज्यांनीं आम्हां सर्वांना वाढलें, त्यांचें ताट दाराशीं ठेवून जिन्यावरून हाक मारावयाची, आणि त्या दार उघडीत तों खालीं यावयाचें, असा परिपाठ होता. वैद्यकाची आज्ञाच तशी होती आणि ती योग्यही होती. तरी तांबड्या वस्त्रापासून समुदाय मागें सरतांना पाहून आम्ही नातीकडे पाहिलें नाहीं. तिनें तोच खेळ वहिनींच्या भ्रमणध्वनीवर दिसेल अशी तजवीज केली होती. संपल्यावर वरून प्रश्न आला, “भाऊजी, ती पोर पडल्यावर तिला उचलायला कोणी येतं का हो?”

“नाहीं, वहिनी. नृत्य तेथेंच संपतें.”

“मग पुढचं राहिलंच कीं!”

कलेच्या दृष्टीनें हा आक्षेप टिकणार नाहीं. आमच्या मनांत मात्र तो टिकला आहे.

त्याच आषाढांत संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एस. टी.नें पंढरपुरास गेल्या. ना पाउली, ना रिंगण. वारकरी प्रेक्षकांसाठीं नाचत नाहीं. पण जोडीदारावांचून पाउली पडत नाहीं, फुगडी तर नाहींच नाहीं. सेनेगालच्या वाळूवरही उणीव प्रेक्षकांची नव्हती. मोडणार होता तो जोडीदारांचा मेळा.

ती मंडळी २०२१ सालीं पुन्हां जमली आणि युरोपांत प्रयोग सुरू झाले. तेथें काळी मातीही होती व प्रेक्षकही. वारीचा मात्र तोही आषाढ सुनाच गेला. २०२२ सालीं दिंड्या पायीं निघाल्या, तेव्हां वहिनींना घेऊन आम्ही पुण्यांत रस्त्याच्या कडेला उभे होतों. दिंडींतल्या एका म्हाताऱ्या बाईनें कांहीं न विचारतां त्यांचा हात धरला. गुडघे दुखतात म्हणून वहिनी दोनच फेरे घेऊं शकल्या. पण ती बाई पुढें निघून गेल्यावरही बराच वेळ त्यांचा हात तसाच पुढें केलेला होता.