अहल-ए-किताब आणि दादांच्या वहीचं एक पान

फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना एका नावावर नजर थांबली. 'पीपल ऑफ द बुक'. मनात लगेच दुसरा शब्द उमटला, अहल-ए-किताब. कुरआनात यहुदी आणि ख्रिस्ती लोकांसाठी हा शब्द येतो. लहानपणी मदरशात तो इतक्यांदा ऐकला होता की, इंग्रजी कादंबरीच्या कव्हरवर तो बघून गावचं माणूस परमुलखात भेटावं तसं झालं. थोडी घासाघीस करून पुस्तक पिशवीत टाकलं. परतीच्या लोकलमध्ये सहज उघडलं, आणि माझं स्टेशन कधी मागे पडलं ते कळलं नाही.

जेराल्डिन ब्रूक्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या लेखिकेची ही कादंबरी २००८ साली आली. ब्रूक्स आधी पत्रकार होत्या आणि बोस्नियाच्या युद्धाच्या बातम्या त्यांनी दिल्या होत्या. कादंबरी सुरू होते १९९६ च्या सारायेव्होत. युद्ध नुकतंच थांबलं आहे. हॅना नावाची, जुन्या ग्रंथांची डागडुजी करणारी बाई एका बँकेत बसून एक हस्तलिखित तपासते आहे. हे हस्तलिखित म्हणजे 'सारायेव्हो हग्गादा'. हग्गादा म्हणजे यहुदी लोक पेसाहच्या रात्री जेवणाच्या वेळी घरात वाचतात तो ग्रंथ. त्यात मिसरमधून सुटकेची कहाणी असते. म्हणजे आपल्या घरांतही सांगितली जाते तीच, मूसा अलैहिस्सलाम आणि फिरऔनची.

हॅनाला त्या पानांत काही बारीकसारीक गोष्टी सापडतात. एका किड्याचा पंख. वाइनचा डाग. मिठाचे कण. एक पांढरा केस. शिवाय बांधणीवरच्या चांदीच्या कड्या कुठे गेल्या, हेही कोडं आहेच. यातल्या एकेका खुणेमागे एकेक प्रकरण आहे, आणि प्रत्येक प्रकरण आपल्याला आणखी मागे नेतं. १९४० चं सारायेव्हो, १८९४ चं व्हिएन्ना, १६०९ चं व्हेनिस, १४९२ चं तारागोना, १४८० चं सेव्हिल. मधे मधे आपण हॅनाच्या काळात परत येतो. म्हणजे एक काळ पुढे चालतो आणि दुसरा उलटा.

अशा दोन काळांतल्या रहस्यकथांची मजा नेमकी कशात असते, याचा मी बराच विचार केला. नेहमीच्या रहस्यकथेत गुपहेराला आपल्यापेक्षा जास्त कळतं. इथे उलट आहे. हॅनाला फार तर एवढं कळतं की, हा पंख उंच डोंगरात राहणाऱ्या फुलपाखराचा आहे, हे मीठ समुद्राचं आहे. तिचं शास्त्र तिथे थांबतं. तो पंख पानात पडला तेव्हा कोण घाबरून पळत होतं, हे फक्त आपण वाचतो. हॅनाला ते कधीच पूर्ण कळणार नाही. वाचताना कितीदा वाटलं, बाई, थोडं अजून खोद, तो माणूस तिथेच आहे! इतिहास शिकणाऱ्याच्या हाती डाग येतो आणि माणूस निसटतो. कादंबरीकार तो माणूस आपल्याला परत आणून देतो, मग भले तो कल्पनेतला का असेना.

पुस्तक मिटल्यावर मी खऱ्या हग्गादाबद्दल वाचायला घेतलं. ती साधारण १३५० च्या सुमारास स्पेनमध्ये तयार झाली. ब्रूक्स यांनी कथेच्या सोयीसाठी तिला शंभराहून जास्त वर्षं पुढे आणलं आहे. १४९२ मध्ये यहुद्यांना स्पेनमधून हाकललं गेलं, तेव्हा कधीतरी ती बाहेर पडली. १६०९ मध्ये व्हेनिसमधल्या विस्तोरिनी नावाच्या कॅथलिक तपासनिसाने तिच्यावर सही केली, म्हणून ती जाळली गेली नाही. त्याने सही का केली, हे कुठेच लिहिलेलं नाही. ब्रूक्स यांनी त्या एका सहीवर अख्खं प्रकरण उभं केलं आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

१९४२ मध्ये एक नाझी जनरल ती मागायला संग्रहालयात आला. तिथले ग्रंथपाल होते दर्विश कोरकूत, मुसलमान. त्यांनी हग्गादा कपड्यांत लपवून बाहेर काढली, आणि जनरलला सांगण्यात आलं की तुमचाच एक अधिकारी येऊन ती घेऊन गेला. नंतर ती डोंगरातल्या एका गावात लपवली गेली, तिथल्या मशिदीत होती असं सांगतात. याच कोरकूतांनी आणि त्यांच्या बीबीने एका यहुदी मुलीला घरात आसरा दिला होता. १९९२ मध्ये सारायेव्होवर तोफा डागल्या जात असताना ती पुन्हा वाचली. तेव्हा ती संग्रहालयातून काढून बँकेच्या तिजोरीत नेणारे एन्व्हर इमामोविच हेही मुसलमानच.

आणि एक गोष्ट कादंबरीत नाही, पण ब्रूक्स यांनीच एका लेखात लिहिली आहे. १९९९ मध्ये कोसोव्होमधून हाकलल्या गेलेल्यांत कोरकूतांची मुलगी होती. तिच्याजवळ इस्रायलने आईवडिलांना दिलेल्या सन्मानपत्राची प्रत होती. ती तिने यहुदी लोकांना दाखवली आणि तिला इस्रायलमध्ये आसरा मिळाला. तिथे तिला भेटायला आला तो, त्या काळी घरात लपवलेल्या मुलीचा मुलगा.

हे वाचून छाती फुगते, नाही म्हणत नाही. हल्ली आपल्याबद्दल चांगलं असं क्वचित वाचायला मिळतं, म्हणून अशी गोष्ट लगेच व्हॉट्सॲपवर पाठवाविशी वाटते. मीही दोन ग्रुपवर पाठवली. पण मग त्याच युद्धातली दुसरी गोष्ट वाचली. मे १९९२ मध्ये सारायेव्होची ओरिएंटल इन्स्टिट्यूट तोफगोळ्यांनी जळाली. तिथे अरबी, फारसी, तुर्की अशी पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं होती. त्यातली फारच थोडी उरली. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय जळालं, तेव्हा लाखो पुस्तकं गेली. एक किताब वाचली आणि हजारो राख झाल्या.

तिथे निदान शत्रूने जाळलं. आमच्या घरी काय झालं ते सांगतो.

दादा, म्हणजे अब्बांचे वडील, वारले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमचं गाव कोकणात, खाडीकाठी. चाळीसव्यानंतर माळा साफ केला. वर कुरआनाची शहीद झालेली पानं होती, आणि दादांच्या वह्याही. दादा उर्दूत लिहायचे. अब्बा आणि चाचा मराठी शाळेत शिकलेले. कुरआन वाचता येई, पण दादांच्या हातचं घसटतं उर्दू कुणालाच लागेना. अक्षरं तर तीच. यात अल्लाहचं नाव असेल, बेअदबी नको, असं म्हणून सगळंच एका चादरीत बांधलं आणि होडीतून नेऊन खाडीत ठंडं केलं. मी होडीत अब्बांच्या मांडीवर बसलो होतो. गाठोडं बुडताना बुडबुडे आले, ते अजून आठवतात. आदराने बुडवलं, त्यात खोटं काही नव्हतं. पण काय बुडवतोय ते कुणालाच माहीत नव्हतं. वाचता येत नव्हतं, म्हणून सगळंच पाक ठरलं.

एक पान मात्र राहिलं होतं. दादीच्या पेटीत घडी घालून ठेवलेलं. दुआ किंवा तावीज असेल म्हणून कुणी हात लावला नव्हता. ही कादंबरी वाचून झाली आणि मला त्या पानाची आठवण झाली. त्याच्या वरच्या कोपऱ्यात हळदीचा मोठा डाग आहे. पुढच्या खेपेला गावाहून ते घेऊन आलो आणि आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना दाखवलं. सर बराच वेळ चष्मा वरखाली करत राहिले. मग हसले. "दुआ नाही हो. नारळांचा हिशेब आहे." किती नारळ गेले, होडीचं भाडं किती, कुणाकडे किती बाकी. आणि खाली, रकान्याच्या बाहेर एक ओळ. शाबानची ७ तारीख, जुम्मा, घरात मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

ती मुलगी म्हणजे आमची फुफी. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आधार कार्डावर १ जून आहे, शाळेत मास्तरांनी लावलेली. साल वर लिहिलेलं असणार, पण ते डागाखाली गेलं आहे. सर म्हणाले, तारीख आणि वार जुळवले तर दोन-तीन सालं निघतील, चांद दिसण्यामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो तेवढंच. फुफीला फोन केला. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "साल राहू दे रे. तारीख पुरे. उगाच वय वाढेल." थोड्या वेळाने तिनेच परत फोन केला. "अब्बांनी खरंच लिहिलंय, दोघी बऱ्या आहेत?"

दादीला वाचता येत नव्हतं. तरी ते नेमकं पान तिने पेटीत ठेवलं. हे पान कोणतं, हे तिला दादांनी सांगितलं असणार. आणि तो डाग कुणाच्या हाताचा? बाळंतिणीच्या खोलीतल्या कुणाचा, की नंतर कधी स्वयंपाक करता करता पान उघडून बघणाऱ्या दादीचा? इथे मी हॅनासारखाच थांबतो. मी काही कादंबरीकार नाही.

कादंबरीबद्दलही खरं सांगायला हवं. हॅना आणि तिच्या आईचं भांडण लांबलं आहे, आणि शेवटाकडे सिनेमासारख्या दोन कलाटण्या आहेत, त्या नसत्या तरी चाललं असतं. पण खऱ्या हग्गादाच्या एका चित्रात जेवणाच्या मेजावर एक काळी बाई बसलेली आहे. ती यहुद्यांच्या मेजावर कशी आली, याचं ब्रूक्स यांनी दिलेलं उत्तर मी इथे फोडणार नाही. मी ते रात्री दोन वाजता वाचलं आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही.

अजून एक. हग्गादा म्हणजे दूर युरोपातली वस्तू, असं मला वाटत होतं. पण १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली होती, आणि १८७४ मध्ये पुण्यात, साड्या नेसलेल्या बायकांच्या चित्रांसकट. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी त्यांची कहाणी आपल्या मराठीत आणून ठेवली. आम्ही दादांची उर्दू मराठीत आणली नाही, खाडीत सोडली.

तुमच्या माळ्यावर, पेटीत, जुजदानात अशी पानं असतील. ती ठंडी करायची तर जरूर करा. पण त्याआधी वाचता येणारं एखादं माणूस गाठा आणि ती वाचून घ्या. दुआ निघाली तर सवाब आहेच. नारळांचा हिशेब निघाला, तर त्याच्या खालची ओळही वाचायला सांगा.