मोठ्याने सांगायची गोष्ट

मधुमेह, रक्तदाब आमच्या गौलीगुड्यात चारचौघांत चर्चिले जातात. प्रोस्टेट ग्रंथीचे नाव निघाले की आवाज खाली येतो. रेड हिल्सच्या एम. एन. जे. कॅन्सर रुग्णालयात तेलुगू, उर्दू, मराठी कानांवर पडते. या दुखण्याविषयी पुरुष मात्र तिन्ही भाषांत सारखेच गप्प! माझा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला आहे, म्हणून मी मोठ्यानेच सांगतो.

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दर तीन महिन्यांचे माझे इंजेक्शन ते संप्रेरकच थांबवते. रोग आवरतो, जात नाही. बदल्यात थकवा, ठिसूळ हाडे, आणि भर पौषात अंगातून निघणाऱ्या वाफा!

अशाच एका रात्री सौ.ने उठून पंखा लावला. म्हणाली, "अहो, हे मला ठाऊक आहे. पाच वर्षे काढलीत मी." आमच्या घरात ती वर्षे कधी बोलली गेली नव्हती. आता दोघेही बोलतो.

वाचकहो, सुरुवातीला या रोगाची लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. पन्नाशी गाठली असेल तर पीएसए तपासणीविषयी डॉक्टरांना विचारा. आवाज न उतरवता विचारा.