विदर्भाचा करंडक

१ जानेवारी २०१८ रोजीं इंदूरच्या मैदानावर विदर्भानें दिल्लीस ९ गडी राखून हरविलें व रणजी करंडक प्रथमच जिंकला. सिंदी मेघेच्या आमच्या घरीं ते चार दिवस दूरचित्रवाणी बंद झाली नाहीं. रजनीश गुरबानीनें लागोपाठ तीन गडी त्रिफळाचीत केले, तें दृश्य कितीदां तरी दाखविलें गेलें. दाखवावें असेंच तें होतें! आम्हांस मात्र अक्षय वाडकरची १३३ धावांची चिवट खेळी अधिक भावली; ती तुकड्यांनीं दाखवितां येत नाहीं. विदर्भ १९५७-५८ पासून या स्पर्धेंत खेळत आला, आणि आमचे वडील जन्मभर वर्तमानपत्रांत बहुधा त्याच्या पराभवाचेच आंकडे वाचीत गेले. जाफरनें अखेरचा चौकार मारतांच मुलें नाचूं लागलीं. आईनें उठून वडिलांच्या तसबिरीपुढें दिवा लावला.