गोठलेल्या अग्नितळ्यावर

हवाई बेटांच्या सफरीत आमची आगबोट सकाळी हिलो बंदराला लागली. बहुतेक सहप्रवासी बोटीच्या सहलीला गेले. आम्ही उभयतांनी मात्र भाड्याची मोटार घेतली. बोट संध्याकाळी सहाला सुटणार, आणि आपल्या मर्जीने भटकणाऱ्यांसाठी ती थांबत नाही! पण सौ.ला विवर नुसते कड्यावरून पाहायचे नव्हते, त्यात उतरायचे होते.

सुमारे पन्नास किलोमीटरांवर १९१६ साली स्थापन झालेले ज्वालामुखींचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या किलाउएआ इकी विवरात १९५९ साली लाव्हाचे कारंजे ५८० मीटरपर्यंत उसळले आणि तळाशी धगधगते तळे साचले. ते पुरते गोठायला पस्तीसएक वर्षे लागली.

नेच्यांच्या गर्द रानातून सव्वाशे मीटर उतरलो, तो समोर काळीकभिन्न, भेगाळलेली जमीन! खाली मुरलेले पावसाचे पाणी वाफ होऊन भेगांतून वर येत होते. आपल्या सह्याद्रीचा पाषाणही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, असे मी सांगताच सौ. म्हणाली, "अहो, म्हणजे आपला पाटा-वरवंटा याचाच भाऊबंद की!"

दोन वाजले होते, चढ बाकी होता. तरी एका भेगेतून वर आलेल्या ओहियाच्या झुडपापाशी ती थांबलीच. लाल फुलांनी ते डवरले होते. ज्वालामुखीची देवी पेले हिला हवाईचे लोक संहार करणारी मानतात, तशीच नवी भूमी घडवणारीही. ते का, हे त्या झुडपापाशी उमगले.