केसांची बदली

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन गोष्टी न मागता मिळतात : बदली आणि टक्कल. पहिलीविरुद्ध युनियनकडे तरी जाता येते. दुसरीविरुद्ध कुणाकडे जायचे हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. नांदेडहून लातूरला माझी बदली झाली, त्याच वर्षी मी डोक्यावरच्या केसांचीही करून घेतली. मागच्या शाखेतून पुढच्या शाखेत.

पुष्कळांना वाटते की पैसे मोजले की नवे केस मिळतात. त्यांनी कृपा करून कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक काढावे. हे निव्वळ ट्रान्स्फर व्हाउचर आहे. मागचे खाते नावे, पुढचे खाते जमा. डोक्याची एकूण शिल्लक तीच. लातूरकरांना तर हे समजावूनही सांगावे लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. कोणी पाणी निर्माण केले नव्हते. होते तिथून उचलले, नव्हते तिथे आणून ओतले.

ही विद्या जपानात डॉ. ओकुडा यांनी 1939 मध्येच लिहून ठेवली होती, पण पुढे महायुद्ध पेटले आणि डोकीच सांभाळायची वेळ आली. केस कोण बघतो! मग न्यूयॉर्कच्या डॉ. ओरेन्ट्राइच यांनी 1959 मध्ये सिद्ध केले की केस कुठेही नेऊन लावा, तो मूळ गावचा स्वभाव सोडत नाही. मागचा केस चिवट, तो पुढे येऊनही चिवटच राहतो. मला हे लगेच पटले. लातूरला राहूनही मी अजून नांदेडचीच तक्रार करतो.

दोन कानांच्या मधला जो मागचा पट्टा, त्याला डॉक्टर ‘डोनर एरिया’ म्हणतात. एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या नळीने तिथून एकेक मूळ उपटतात. माझी दोन हजार काढली. दिवसभर पालथे पडून मी ऐकत होतो. आमच्या हेड कॅशियरने नोटा मोजाव्या तसे ते मोजत होते. (2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लिहावे लागले की नुसते यूट्यूब पाहून शिकलेल्याने हे काम करू नये. म्हणजे कोणीतरी करत होते!) नंतर मागे बारीक बारीक खपल्या धरतात, आठ-दहा दिवसांत त्या झडतात, लाली काही आठवडे राहते. खाज सुटते आणि खाजवायचे नसते. उशी मानेखाली घेऊन, डोके उंच ठेवून झोपायचे. गंमत म्हणजे भेटणारा प्रत्येकजण पुढे बघतो. दुखते मागे.

पण खरे दुखणे निराळेच. या कामासाठी आधी डोके भादरतात, आणि आपल्याकडे भादरलेल्या डोक्याचा अर्थ एकच. काउंटरवर औशाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला पाहून डोईची टोपी काढली.

“कोन गेलं, सायेब?”

“कोणी नाही हो.”

“असं बोलू नये. मन मोकळं करावं.”

त्याने पैसे न काढताच स्लिप परत नेली. अशा दिवशी पैसे मागणे त्याला बरे वाटेना. सौ.ने मग नांदेडच्या वाड्यात सांगून टाकले की हे तिरुपतीला जाऊन आले. चार घरांतून लाडवांची विचारणा झाली. शेवटी मिठाईवाल्याकडून आणून वाटले. शस्त्रक्रियेच्या खर्चात डॉक्टरांनी हा आकडा धरला नव्हता.

अण्णांना मात्र लाडू पुरला नाही. बाप जिवंत असताना पोराने मिशीसुद्धा काढू नये अशा पिढीतले ते. ऐंशीला टेकलेले, खडखडीत. मला दारात पाहिले आणि म्हणाले, “मी अजून हाय ना रे?” एवढेच. मग महिनाभर बोलणे बंद. शनिवारी मी लातूरहून एस.टी.ने येई, अहमदपूर-लोहा करीत तीन-साडेतीन तास हाडे खिळखिळी करून. आणि अण्णा वर्तमानपत्र उंच धरून बसत.

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. उशीवर, टॉवेलवर, लेजरवर. डॉक्टरांनी आधी बजावले होते : दोन ते आठ आठवड्यांत केस गळतो, मूळ आत राहते, तीनेक महिने विश्रांती घेते, मग कोंब धरते, पूर्ण पीक बघायला वर्ष लागते. मागच्या पट्ट्यातही काढलेल्या जागांच्या शेजारचे केस धक्क्याने गळतात, तेही तीन-चार महिन्यांत परततात. कळत होते सगळे. पण एवढी रक्कम सस्पेन्स अकाउंटला पडल्यावर झोप कुणाला येते? बाथरूममध्ये उभा राहून मी चक्क मोजत होतो.

दार उघडेच राहिले होते. अण्णा मागे येऊन उभे.

“जळालं का पीक?”

“नाही अण्णा. वरचं गळतं. मूळ जित्तं राहतं म्हणे.”

“म्हनजे खोडवा.” महिन्याभरातले पहिले वाक्य. “ऊस तोडला म्हनून बुड मरतंय का? फुटंल. घाई करू नगंस.”

डॉक्टरांनी अर्धा तास, आकृत्या काढून सांगितलेले त्यांनी तीन वाक्यांत उरकले. मग मला बल्बखाली वळवले आणि पुढचे सोडून मागच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवू लागले, भुईची ओल बघतात तसा. हाच अंगठा माझ्या बी.कॉम.साठी दोन एकर विकताना खरेदीखतावर उठला होता. ते रान परत घ्यायचे, असे मी पहिल्या पगाराला म्हणालो होतो.

“हितलं काढलंस व्हय?”

“हो.”

“परत येतंय का हितं?”

“शेजारचं गळालेलं येतं. काढलेलं येत नाही, अण्णा. बाकीच्यांनी पांगून झाकून घ्यायचं.”

अण्णांनी अंगठा आणखी एकदा फिरवला.

“झाकतंय की,” ते म्हणाले, आणि खुंटीवरची टोपी काढून आपल्या डोक्यावर नीट बसवली.