चित्रांवरून उभी राहिलेली बाग

मैत्रिणींनो, पुण्याला गेलात तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जरूर पाहा. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. ती मूळ बाग १७०० साली पुरी झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ चा बॉम्बवर्षाव यांत तिचं फार नुकसान झालं. पण जुनी चित्रं आणि नकाशे होते, त्यांवरून ती पुन्हा उभी केली गेली.

चित्रांवरून एवढी बाग उभी राहते, तर आपलं परसही फोटोवरून नव्यानं मांडता येईल की! उद्यानात फिरताना वळणाऱ्या वाटेचे, मोकळ्या हिरवळीचे फोटो घ्या. मग घरी येऊन आपल्या परसाचे काढा. फाटकातून नको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. रोज तुम्ही पाहता ते तिथूनच ना? एकाच जागेवरून सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढलेत, म्हणजे ऊन कुठे किती टिकतं ते कळेल. गुलाब-मोगऱ्याला ऊन हवं, नेच्याला सावली. सवयीनं न दिसणारं गंजकं पिंपही फोटोत लगेच डोळ्यांत खुपतं.

फोटो मोठा छापून त्यावर पारदर्शक कागद ठेवा आणि पेन्सिलीनं झाडं काढा. रोप वीतभर असलं तरी काढायचं ते पुरं वाढलेलं झाड. सासूबाईंच्या हातचा प्राजक्त तोडायचा मनात असेल, तर आधी फोटोत तेवढा झाकून पाहा. ती रिकामी जागा बघवली नाही, तर प्राजक्त राहू द्या, आराखडा बदला.