ठाण्याचे लाख, नागपूरचे पंच्याहत्तर

प्रिय संज्या,

मिहानमधल्या कंपनीनं पंच्याहत्तर हजार कबूल केले आणि तू लगेच कुठलासा कॅल्क्युलेटर उघडून बसलास! ठाण्याचे एक लाख म्हणजे नागपूरचे साठ हजार, सबब महिन्याला पंधरा हजारांचा फायदा. अरे बाप्पा, इतकं सोपं असतं तर अख्खा घोडबंदर रोड बोचकी बांधून इकडे आला असता.

हे कॅल्क्युलेटर सगळ्या पगाराला एकच माप लावतात, तिथंच घोळ आहे. एलआयसीचा हप्ता, मोबाइलचा रिचार्ज, गाडीचं कर्ज, बाबांच्या शुगरच्या गोळ्या, यातलं काहीच कसारा घाट ओलांडला म्हणून स्वस्त होत नाही. वर्षाचा अडीच हजार व्यवसाय कर तिथंही तेवढाच, इथंही तेवढाच. गॅस सिलिंडर तर मुंबईपेक्षा नागपुरातच महाग.

खरा फरक आहे तो घरभाड्याचा. हे सरकारलाही पक्कं ठाऊक आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एजी ऑफिसात, मुंबईहून बदलून आले. मूळ पगार तोच. महागाई भत्ता देशभर एकाच दरानं, म्हणून तोही तोच. कात्री लागली ती फक्त घरभाडे भत्त्याला. मुंबई ‘एक्स’ वर्गातली, तिथं मूळ पगाराच्या ३० टक्के. नागपूर ‘वाय’मध्ये, इथं २०. काकू अजून कुरकुरतात, पण त्यांना मुंबईच्या भाड्याची आठवण करून देतो मी.

आता तुझं बघ. तिथं २८,००० भाडं. मनीषनगरात पंधरात बरा टू बीएचके मिळेल, म्हणजे वाचले तेरा. पगार उतरला पंचवीसनं. मधले बारा हजार कुठून काढशील? भाजी कोथिंबिरीसकट फुकट मिळाली तरी भरून निघायचे नाहीत. वर लोकलचा पास जाऊन मोटरसायकल येणार. मेट्रो खापरीपर्यंत जाते, पण पुढं कंपनीच्या दारापर्यंत गाडी लागतेच. आणि मे महिना विसरलास वाटतं! पारा ४५ च्या वर गेला की कूलरला नव्या ताट्या, बादल्यांनी पाणी, शिवाय रात्रभर मोटर. एसी बसवलास तर जूनचं बिल हातात घेताना खाली बस.

शिल्लक टक्क्यांत मोजू नकोस, रुपयांत मोज. चिंगीच्या इंजिनिअरिंगची फी भरताना तू पगाराच्या किती टक्के वाचवलेस ते कॉलेज विचारणार नाही.

पण एक गोष्ट तू तुझ्या हिशेबात धरलीच नाहीस, मुद्दामच बहुतेक. बाबांचं इथलं, महाल भागातलं घर! तिथं राहिलास तर भाडं शून्य. अठ्ठावीस वाचले, पंचवीस गेले. शिवाय बाबा पडले-झडले की विदर्भ एक्सप्रेसच्या तत्काळसाठी मोबाइल घेऊन बसणं नाही. आता त्या वाड्यातल्या जिन्याखालच्या मोरीला वहिनी राजी होतील का, हे मी कसं सांगू? त्यांना तूच विचार, मला मध्ये घालू नकोस.

महाल नको असेल तर माझं मत सरळ आहे: नव्वद माग, पंच्याऐंशीवर अड. त्याखाली येऊ नकोस.

आणि हो, पंच्याहत्तर म्हणजे हातात पडणारे की सीटीसीचे? सीटीसीचे असतील तर पीएफ-बीएफ वजा करून मला आकडा कळव, पुन्हा मांडून देतो.

तुझा,
बाळ्या